फोनमधली हद्द

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांच्या गप्पांना वय असतं. पहिली दोन वर्षं नोकरी आणि राहण्याचा पास यांबद्दल बोलण्यात जातात. मग मुलांच्या शाळा येतात, मग गुडघे. आणि गुडघ्यांच्या आसपासच कुठेतरी गावची जमीन सुरू होते. ती एकदा सुरू झाली की संपत नाही.

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी बेडोकच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफीला भेटतो. मी येतो बुकित बातोकहून, म्हणजे अख्खं सिंगापूर आडवं ओलांडून. अजित देशमुख माझ्याच ऑफिसात आहे, मूळचा साताऱ्याकडचा. कॅप्टन सावंत राजापूरचे. तीस वर्षं जहाजांवर काढली, आता इथे बंदरात आलेल्या जहाजांची तपासणी करतात. आणि रेवती, पुण्याची, एका बँकेत आहे, राहते तोआ पायोहला. चौघांपैकी एकाच्याही नावावर या बेटावर वीतभर जागा नाही. मी तर बाराव्या मजल्यावर भाड्यानं राहतो, म्हणजे जमीन सोडूनच. पण बोलतो मात्र बांधांवर.

असे किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावर कोंबलेल्या पिशव्यांसारखे ते साचतात. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. सुरुवातीला आम्ही ते हसण्यासाठी सांगायचो. अजूनही हसतो, पण हल्ली मध्येच कोणीतरी फोन पालथा घालून ठेवतं.

*

हे सगळं आमच्यात आणलं ते ग्रॅहमनं. ग्रॅहम म्हणजे तोआ पायोहच्या ऑफिसातला माझा बॉस, ऑस्ट्रेलियातल्या डोंगराळ भागातला शेतकऱ्याचा मुलगा. दर जुलैत तो दोन आठवडे सुट्टी काढून भावाच्या शेतावर जायचा, हरणाच्या शिकारीला. कुठलं हरीण, असं विचारल्यावर म्हणाला, "सांबर." कोणे एके काळी आपल्या भागातूनच ती तिकडे नेली होती म्हणे, आणि आता तिथल्या जंगलात हवी तेवढी झालीत.

अजित म्हणाला, "सांबार आमच्याकडेही आहे. आम्ही त्यात वडा बुडवतो." ग्रॅहमला हा विनोद समजावून सांगण्यात एक अख्खी मीटिंग गेली.

मग त्यानं फोन काढून शिकारीचं ॲप दाखवलं. उपग्रहातून काढलेलं डोंगरांचं चित्र, त्यावर प्रत्येक शेताची हद्द पिवळ्या रेघेनं आखलेली, रेघेच्या आत मालकाचं नाव. आपण उभे असू तिथे निळा ठिपका. ठिपका रेघेच्या पलीकडे गेला की खिशातला फोन थरथरतो. शिकारीला एवढी हद्द कशाला लागते, मी विचारलं. तो म्हणाला, "हरणाला हद्द कळत नाही, म्हणून मला कळावी लागते."

मला हे वाक्य फार आवडलं. त्यातलं निम्मंच मी ऐकलं होतं, हे पुढे कळलं.

त्या ॲपमध्ये आपला स्वतःचा नकाशाही टाकता येतो, असं तो बोलता बोलता म्हणाला. त्याच दुपारी मी वेल्हे तालुक्यातल्या आमच्या गावचा नकाशा शोधायला बसलो.

*

आमची जमीन माझ्या वडिलांच्या वाटणीची, पण वडील तरुणपणीच पुण्यात नोकरीला आले. तेव्हापासून ती चुलते कसायचे आणि आता चुलतभाऊ सुरेश कसतो, शेजारच्या त्याच्या वाटणीबरोबर. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणून त्याचा दादा. त्याला फोन केला, तर त्यानं दुसऱ्याच दिवशी तलाठ्याकडे जाऊन जुन्या गावनकाशाचा फोटो काढून पाठवला. कशाला हवाय, हेही विचारलं नाही.

मी तो फोटो उपग्रहाच्या चित्रावर बसवला. हे करताना दोन्हीकडे सापडतील अशा तीन जागा धरायच्या असतात. मी नदीवरचा पूल धरला, शाळा धरली आणि देऊळ धरलं. नकाशा जरा ओढूनताणून बसला, पण बसला. आमचा गट नंबर मी जांभळ्या रंगात रंगवला आणि मोठ्या हौसेनं मुलीला दाखवला. सई पंधरा वर्षांची आहे, इथेच वाढलेली. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं आणि म्हणाली, "धिस ओन्ली, आह? अवर व्हॉइड डेक इज बिगर, लाह."

व्हॉइड डेक म्हणजे आमच्या ब्लॉकच्या खालची खांबांमधली मोकळी जागा. तिथे लोक सायकली लावतात. मला राग आला. रोज एमआरटीच्या मेट्रोत बसल्यावर मात्र मी तो जांभळा तुकडा उघडून बघायला लागलो.

*

अजितनं माझं बघून आपला तुकडा काढला. त्यानं फोनवर शेताच्या कडेकडेनं बोट फिरवून क्षेत्र मोजलं, तर सातबाऱ्यावर आहे त्यापेक्षा चार गुंठे कमी भरलं. पूर्वेचा बांध वाकडा दिसत होता. पलीकडे निकमांचं शेत. अजितनं लगेच गावी थोरल्या भावाला स्क्रीनशॉट पाठवला, वर लाल बाण काढला आणि लिहिलं: "निकमांनी बांध कोरलाय."

थोरल्या भावानं आधी टाळाटाळ केली. इतकी वर्षं शेजारी शेती केली, एकमेकांच्या लग्नात वाढपी म्हणून राबलो, आता चित्र घेऊन दारात कसं जायचं, असं त्याचं म्हणणं. अजितनं आठवडाभर रोज फोन केला. शेवटी भाऊ गेला. निकम वयानं मोठे. त्यांनी चित्र बघितलं आणि शांतपणे म्हणाले की असं असेल तर सरकारी मोजणी आणू, उगाच मनात नको.

मोजणी आली. चार गुंठे कमी होते ते खरंच होतं, पण ते रस्त्याच्या बाजूला, रस्ता रुंद झाला तेव्हा गेलेले. निकमांच्या बाजूला उलटंच निघालं. अजितचंच शेत नऊ फूट निकमांच्या हद्दीत होतं. त्या नऊ फुटांत अजितच्या वडिलांनी खणलेली विहीर होती.

निकम म्हणाले, "मला ठाऊक होतं. विहीर खणताना आमच्या वडिलांना कळलं होतं. ते म्हणाले, पाणी लागलंय, आता बोलू नका."

अजितच्या भावाला वाटलं, चला, मिटलं. तेवढ्यात निकमांनी मोजणीच्या नकाशाची घडी घातली आणि म्हणाले, "पण आता कागदावर आलं. माझी पोरं वाचतात. त्यांना मी काय सांगू?"

विहीर आता निकमांच्या मुलांकडे आहे. अजितच्या भावानं मोटर काढून आणली. त्यानं अजितला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि अजितला तेच सोसत नाही. मोटर अजून पडवीत, पोत्याखाली आहे. अजित म्हणतो, सुट्टीत घरी गेलो की मी पडवीतून न जाता मागच्या दारानं आत जातो.

*

एवढं ऐकूनही मी शहाणा झालो नाही. त्याच डिसेंबरात मी गावी गेलो आणि फोन हातात धरून आमच्या जमिनीच्या कडेनं चालायला लागलो. सुरेश मागून येत होता, त्याच्या खांद्यावर माझी पाण्याची बाटली. नव्या गोठ्यापाशी फोन थरथरला. सुरेशनं त्या वर्षीच गोठा बांधला होता, चार म्हशींचा, वर पत्रे, खाली कोबा. फोनच्या हिशेबानं त्याची एक भिंत बारा फूट आमच्या हद्दीत येत होती.

मी भांडलो नाही, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. मी फक्त फोन त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, "बघ बाबा, हे असं दिसतंय."

त्यानं बघितलं. म्हणाला, "दादा, तू दाखवतोयस म्हणजे असेल."

मी पुण्याला परतलो आणि तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, सुरेशनं गोठा उतरवला म्हणून. बारा फूट मागे घेऊन त्यानं परत उभा केला. तोवर ऐन थंडीत म्हशी आंब्याखाली बांधलेल्या होत्या. काकू तक्रार करत नव्हत्या. त्यांना वाटलं, मीच सांगून गेलोय.

सिंगापूरला आल्यावर, एका रविवारी, कॅप्टननी माझा नकाशा हातात घेतला. समुद्राचे नकाशे वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस. दोन मिनिटं बघून त्यांनी विचारलं, "यातलं देऊळ नक्की जुनंच आहे ना?"

मी सुरेशला फोन लावला. तो म्हणाला की देऊळ नवीन आहे, जीर्णोद्धार झाला तेव्हा वरच्या अंगाला घेतलं, जुना चौथरा खाली ओढ्याजवळ आहे. म्हणजे नकाशात जुनं देऊळ होतं आणि मी त्याला नव्या देवळावर नेऊन टेकवलं होतं. सगळं गाव त्याबरोबर सरकलं होतं. गोठा पहिल्यापासून सुरेशच्याच जागेत होता.

"देव सरकला, म्हणून म्हशी सरकल्या," कॅप्टन म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

मी सुरेशची माफी मागितली. गोठा परत मूळ जागी घे, खर्च माझा, असंही म्हटलं. तो म्हणाला, "राहू दे. म्हशींना सवय झाली आता. देवळाचं तू विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं."

त्याला वर्ष होऊन गेलं. सुरेश फोन करतो, चौकशी करतो, सईचं विचारतो. फक्त एक बदललंय. मेमध्ये त्यानं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, सोबत लोकेशन. खाली लिहिलं होतं: "दादा, तुमच्या हद्दीत फणस पडलाय. उचलू का?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला अहोजाहो केलं होतं.

*

हे मी ग्रॅहमला ऑफिसच्या पँट्रीत सांगितलं. मला वाटलं, तो हसेल. तो कप विसळत होता, विसळतच राहिला. मग म्हणाला की त्याच्याकडेही असा एक किस्सा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत, सकाळीच, भावाच्या शेतात त्यानं एका सांबरावर गोळी झाडली. नेम थोडा चुकला. जखमी नर तारेचं कुंपण ओलांडून पलीकडे गेला आणि चाळीस पावलांवर कोसळला. पलीकडची जमीन एका म्हाताऱ्याची होती. ग्रॅहमच्या वडिलांशी त्याचं फार जुनं वाकडं होतं, तेही कुंपणावरूनच. परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, अगदी जखमी जनावरासाठीही नाही, असा तिथला नियम.

ग्रॅहमनं फोन लावला. म्हाताऱ्यानं उचलला, ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. ग्रॅहमनं परत लावला. मग तो उचललाच नाही.

जनावर जिवंत होतं. ते मान उचलायचं, टाकायचं. तिथून परत गोळी झाडायची तर तीही दुसऱ्याच्या जमिनीत झाडल्यासारखी. ग्रॅहम तारेपाशी उभा राहिला. पाऊण तास, असं तो म्हणाला. हातातल्या फोनवर पिवळी रेघ होती आणि निळा ठिपका बरोबर अलीकडे होता. उद्या कोणी विचारलं तर असू दे, म्हणून त्यानं त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

"मी कुठेच चुकलो नाही," तो म्हणाला. "स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे."

सुट्टीला तो अजून जातो. बंदूक मात्र त्यानं भावाला देऊन टाकलीय.

*

कॅप्टन सावंतांनी स्वतःचा किस्सा फार उशिरा सांगितला, तोही अर्धाच. उरलेला त्यांच्या पत्नीनं, मीनावहिनींनी, मला सांगितला.

राजापूरजवळच्या त्यांच्या वाडीत रानडुकरांचा फार उपद्रव. भात पसवायला लागलं की एका रात्रीत कळप येऊन शेत लोळवून जातो, सुरण उकरतो, रताळी उकरतो. कॅप्टन सुट्टीवर गेले असताना त्यांना वाटलं, आपण काहीतरी करावं. त्यांनी आठ दिवस रोज सकाळी फिरून चिखलातले माग बघितले आणि डुकरांच्या येण्याजाण्याच्या वाटा फोनवरच्या नकाशात टिपल्या. जिथे दगडी गडगा पडून खिंडार झालेलं तिथे एक खूण, जिथून डुकरं पऱ्ह्यातून, म्हणजे ओहळातून, वर येतात तिथे एक. अशा बावीस खुणा झाल्या. बायकामाणसांनी गवताला जाताना त्या जागा टाळाव्यात आणि खिंडारं बुजवता यावीत, एवढाच हेतू. नकाशा त्यांनी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली नाव होतं: कॅप्टन सावंत.

पाचव्या दिवशी सकाळी आरडाओरडा झाला. सात नंबरच्या खुणेवर कोणीतरी फासकी, म्हणजे शिकारीचा फास, लावली होती, मोटरसायकलच्या क्लचच्या तारेची. तीत डुक्कर नव्हतं. वाघीण होती. त्यांच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. तार कमरेला आवळलेली. जंगल खात्याची माणसं पिंजरा घेऊन येईपर्यंत चार तास गेले. तेवढं तिला झेपलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की तिला दूध आहे. म्हणजे पिल्लं कुठेतरी असणार.

जंगल खात्याच्या साहेबांनी नकाशा कोणी केला असं विचारल्यावर कॅप्टन पुढे आले. फासकी कोणी लावली ते वाडीत कोणी सांगितलं नाही, अजून सांगितलेलं नाही. पुढचे दोन दिवस कॅप्टन त्याच फोनवर तोच नकाशा उघडून जंगल खात्याच्या माणसांबरोबर झाडीतून पिल्लं शोधत फिरले. सापडली नाहीत. परत येताना त्यांनी विमानतळावरच फोनमधल्या बावीसही खुणा पुसल्या, असं वहिनी म्हणाल्या.

कॅप्टन स्वतः आमच्याशी एवढंच बोलले: "समुद्रात खूण केली की माणसं ती जागा टाळतात. जमिनीवर खूण केली की माणसं तिथे जातात. हे मला साठाव्या वर्षी कळलं."

*

आमच्या टेबलावर कॉफी आणून देणारे अंकल ओंग सत्तरी ओलांडलेले आहेत. आम्ही फोनवर डोकी जुळवून काय बघतो, हे त्यांनी एकदा विचारलं. रेवतीनं सांगितल्यावर त्यांनी विचारलं की त्यांच्या वडिलांची वाडी सापडेल का. इथेच, बेडोकला, कोंबड्या आणि भाजीची वाडी होती. ते अकरा वर्षांचे असताना सरकारनं जागा घेतली आणि सगळ्यांना फ्लॅट दिले.

सिंगापूरचे जुने नकाशे मिळतात. रेवतीनं आठवडाभरात एक बसवला. या वेळी तिनं पाच जागा धरल्या आणि देवळं मुद्दाम टाळली. पुढच्या रविवारी अंकल ओंगनी तासाभरासाठी गाळा बहिणीच्या मुलीवर सोपवला आणि आम्ही पाचजण निघालो. दहा मिनिटंही चालावं लागलं नाही. निळा ठिपका एका ब्लॉकच्या खाली, पत्रपेट्यांसमोर येऊन थांबला.

"इथे," रेवती म्हणाली.

अंकलनी इकडेतिकडे बघितलं. नाही अशी मान हलवली. मग वर बघितलं. चौथ्या मजल्यावर कोणाच्या तरी स्वयंपाकघराबाहेर बांबूवर कपडे वाळत होते. त्यांनी तिकडे बोट दाखवलं.

"देअर," ते म्हणाले. "माय हाऊस देअर. हिअर हॅव हिल. दे कट द हिल, लाह."

नकाशा बरोबर होता. फक्त नकाशात उंची नव्हती. अजितनं विचारलं, टेकडी कापली ती माती कुठे गेली? अंकलनी दक्षिणेकडे हात केला. समुद्रात. तिनं समुद्र बुजवला, त्यावर आता पार्क आहे, लोक सायकली चालवतात.

ते थोडा वेळ तिथे उभे राहिले. त्यांच्या थोरल्या बहिणीनं शेवटच्या आजारपणात त्यांना दोनतीनदा म्हटलं होतं, एकदा मला आपल्या घराच्या जागी ने. ते तिला म्हणाले होते की तिथे आता बघण्यासारखं काही नाही. हे आम्हाला सांगून ते परत चालायला लागले. वाटेत म्हणाले की दहा मिनिटांचा तर रस्ता होता.

*

शेवटचा रेवतीचा. हा तिनं आम्हाला सांगितला तेव्हा कॅप्टन उठून उगाचच दुसरी कॉफी आणायला गेले.

रेवती एकुलती एक. आई आधीच गेलेली. वडील पुण्यात एकटे, पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा सासवडच्या रस्त्यावर पाच गुंठ्यांचा प्लॉट आहे. बापलेकीचं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. जेवलात का, जेवलो. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. ठेवू का, ठेव.

आमच्या नादानं रेवतीनं तो प्लॉट फोनवर आखला आणि वडिलांना म्हणाली की आजूबाजूला बांधकामं सुरू झालीत, आपले चार कोपरे एकदा पक्के करून ठेवू. वडील म्हणाले, दगड होते खरे, पण आता गवतात सापडत नाहीत. मग तिनं त्यांच्या फोनचं लोकेशन स्वतःच्या फोनवर घेतलं. दर रविवारी, इथले साडेदहा म्हणजे तिथले आठ, वडील बसनं प्लॉटवर जायचे आणि रेवती शेजारच्या टेबलावर जाऊन, कानात इअरफोन घालून, त्यांना चालवायची. आम्हाला तिचं एकटीचंच बोलणं ऐकू यायचं. बाबा, अजून चार पावलं. डावीकडे. तुमची डावी, बाबा. टोपी घातलीत ना?

ठिपका कधी जागेवर राहायचा नाही. एका रविवारी कोपरा बाभळीपाशी यायचा, पुढच्या रविवारी तिच्या पलीकडे. वडील तिथे चुन्याच्या फक्कीनं खूण करायचे, मग ती पुसून टाकायचे, मग परत. मधूनच विषय निघायचे, त्या बाभळीवर सुगरणीनं घरटं केलंय, लहानपणी तू अशीच एकदा हट्टानं माझ्याबरोबर कालव्यावर आली होतीस. तास तास जायचा. असं दोन वर्षं चाललं.

एकदा ती चिडली, ते आम्हीही ऐकलं. "बाबा, तुम्ही आयुष्यभर मोजणी केलीत आणि तुम्हाला एक कोपरा सापडत नाही?"

तिकडून ते म्हणाले, नजर गेली गं आता.

त्यानंतर तिनं दोन रविवार फोन केला नाही. ऑफिसचं काम आहे, असं सांगितलं. तिसऱ्या रविवारच्या आधीच, मार्चमध्ये, ते गेले.

तेरावं झाल्यावर रेवती एकटीच प्लॉटवर गेली. फोन हातात धरून ती कोपरे शोधत फिरत होती. शेजारच्या प्लॉटवर एका बाईंची रोपवाटिका आहे, मंदाताई म्हणून. त्या बराच वेळ बघत होत्या. मग आल्या आणि काय हरवलंय असं विचारलं. रेवतीनं सांगितलं.

मंदाताईंनी तिला हाताला धरून बाभळीच्या अलीकडे नेलं आणि पायानं वाळलेलं गवत बाजूला सारलं. खाली दगड होता. वर लाल ऑइलपेंट दिलेला, त्यावर पांढऱ्यानं, वळणदार अक्षरात, एक आकडा काढलेला. रेवतीनं अक्षर ओळखलं. मग दुसरा कोपरा, मग तिसरा, मग चौथा. चारही दगड जागच्या जागी होते.

रेवतीनं विचारलं, रंग कधी दिला?

"दर दिवाळीला द्यायचे की साहेब," मंदाताई म्हणाल्या. "आणि तुमचा फोन यायच्या आधी त्यावर गवत टाकून ठेवायचे. मी एकदा विचारलं, असं का करता म्हणून. तर म्हणाले, 'पोरगी शोधतीये. शोधू दे.'"